तुरळक ठिकाणी हिमवर्षाव

शिमला हे डोंगराच्या अंगाखांद्यावर उभे राहिलेले गाव आहे. रेल्वेचे स्थानक सर्वांत खाली, त्याच्या वर दाटीवाटीचा बाजार, बाजाराच्या वर माल रोड आणि रिजचे मोकळे मैदान, आणि या सगळ्यांच्या माथ्यावर देवदारांच्या गर्दीत जाखूचे मारुतिमंदिर. स्थानकाच्या फलाटापासून मारुतिरायाच्या पायरीपर्यंतचा चढ जवळजवळ चारशे मीटरांचा भरतो. या चढाचा आणि हवामानाच्या अंदाजाचा काही संबंध असेल, असे तेथे जाण्यापूर्वी आमच्या ध्यानीमनीही नव्हते.

अलीकडच्याच एका हिवाळ्यात, जानेवारीच्या अखेरीस, आम्ही ग्वाल्हेरची दोन बिऱ्हाडे मिळून हिमाचलात गेलो. आमचे स्नेही बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या बरोबर त्यांच्या बहात्तर वर्षांच्या मातोश्री, वहिनी, चिरंजीव आणि दोन नातवंडे. आमच्याकडून आम्ही उभयता. काल्क्याहून निघणारी छोटी गाडी १९०३ सालापासून धावते आहे. शहाण्णव किलोमीटरांची वाट आणि तीत एकशे दोन बोगदे. मुलांनी बोगदे मोजण्याचा उद्योग आरंभला, तो साठाच्या पुढे कोठेतरी विसकटला आणि त्यावरून दोघांत तंटा झाला. ग्वाल्हेर-श्योपूरची आपली छोटी गाडी २०२० साली बंद पडली. तिच्यातून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना या गाडीचा खडखडाट कानाला ओळखीचा वाटेल.

शिमल्याच्या स्थानकावर उतरलो तेव्हा पाऊस पडत होता. साधा, बारीक, चिवट पाऊस. सामान हमालाच्या पाठीवर देऊन आम्ही वर चढू लागलो. माल रोडवर पोचेपर्यंत पावसाच्या थेंबांत काही पांढरे मिसळले होते. छत्रीवर त्याचा आवाज निराळा येऊ लागला. रिजवर आल्यावर अंगावर पडत होते त्याला पाऊसही म्हणता येईना आणि बर्फही म्हणता येईना. मुलांच्या हट्टाखातर भाड्याच्या मोटारीने तसेच जाखूवर गेलो, तर तेथे कापसासारखा, निःशब्द, घनदाट हिमवर्षाव चालला होता आणि माकडे मंदिराच्या वळचणीला अंग चोरून बसली होती. एकच ढग, एकच घटका, आणि एकाच गावात तीन प्रकारचे आभाळ.

त्या दिवशी सकाळी वेधशाळेच्या पत्रकात "शिमला जिल्ह्यात काही ठिकाणी पाऊस अथवा हिमवर्षाव" असे शब्द होते. आमचे स्नेही गाडीत ते वाचून हसले होते. "सर, ‘अथवा’ म्हणजे काय हो? एखाद्या पोराने परीक्षेत असे उत्तर लिहिले तर तुम्ही त्याला गुण द्याल का?" असा त्यांचा सवाल होता. जाखूवरून खाली उतरताना आम्ही त्यांना म्हटले, की या पोराला पैकीच्या पैकी द्यावे लागतील.

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. हिवाळ्यात या डोंगरांवरच्या ढगांतून जे खाली निघते ते बहुधा हिमच असते. वाटेत उबदार हवेचा थर लागला तर ते वितळते आणि पाऊस होऊन जमिनीवर येते. न लागला तर हिमच राहते. डोंगरावर चढताना दर हजार मीटरांना हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड होत जाते. म्हणजेच तापमानाचा अंदाज एका अंशाने इकडचा तिकडे झाला, की पाऊस आणि हिम यांच्यामधली सीमारेषा दीडशे मीटर वर किंवा खाली सरकते. शिमल्यासारख्या गावात दीडशे मीटरांचा फरक गावातल्या गावातच भरतो! उद्या दुपारचे तापमान एका अंशाच्या आत नेमके सांगणे सपाट प्रदेशातही अवघड. मग जेथे एका वळणावर ऊन आणि दुसऱ्या वळणावर काळोख असतो तेथे काय अवस्था होत असेल?

शिवाय हिम वितळताना भोवतीच्या हवेतील उष्णता शोषून घेते. त्यामुळे वर्षाव जोराचा असला तर तो आपली वाट आपणच थंड करीत खाली उतरतो, आणि सकाळी ज्या उंचीवर पाऊस होता तेथे दुपारी हिम पडू लागते. वर्षाव हलका असला तर तसे घडत नाही. म्हणजे किती पडेल हे कळल्यावाचून काय पडेल हे कळत नाही. आणि काय व किती, ही दोन्ही कळली तरी थर किती साचेल हा प्रश्न उरतोच. दहा मिलिमीटर पाण्याचे ढोबळ मानाने दहा सेंटिमीटर हिम होते असे म्हणतात. परंतु ओलसर, जड हिम असेल तर त्याचा थर पाचच सेंटिमीटर भरेल, आणि कोरडे, भुसभुशीत असेल तर वीसही भरेल. रस्ता उघडा राहणार की बंद होणार हे या फरकावर ठरते.

हे सारे ज्याच्यामुळे घडते त्याला हवामानशास्त्रात पश्चिमी विक्षोभ म्हणतात. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या बाजूस जन्मलेली ही कमी दाबाची वादळे वरच्या थरातील पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान असा प्रवास करीत हिमालयावर येऊन आदळतात. हिवाळ्यात महिन्याला अशी साधारण चार ते सहा येतात. त्यांतली काही नुसतीच ढग दाखवून जातात, काही रस्ते आठ-आठ दिवस बुजवतात. आपल्याकडच्या वाचकांना हा पाहुणा अगदीच अनोळखी नाही. पौष-माघात ग्वाल्हेरकडे, माळव्यात जो मावठा पडतो तो बहुधा याच पाहुण्याच्या पदराचा शिडकावा असतो. आपल्या गव्हाला जे दोन-चार शिंतोडे अमृतासारखे वाटतात, त्यांच्यापायी तिकडे एखादी घाट बंद पडलेली असते. आणि तो पुढे सरकला म्हणजे मागून येणाऱ्या गारठ्याने आपल्या वाटाण्यावर पाला पडतो. शिमल्यात भिजत उभे असताना आपल्या शेतकऱ्यांची आठवण झाली ती यामुळे.

शिमल्याचे आणखी एक नाते मराठी माणसाला ठाऊक असते, पण ते ठाऊक आहे याची त्याला आठवण नसते. पुण्यात शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाचा चौक आहे. पुण्यात सिमला कोठून आला, असे लहानपणी आजोळी गेल्यावर आम्ही मामांना विचारले होते आणि "आहे एक ऑफिस" असे सर्वज्ञ पुणेरी उत्तर मिळाले होते. ते ऑफिस म्हणजे वेधशाळा. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचा मुख्य कारभार कलकत्त्याहून पुढे शिमल्याला आला, आणि १९२८ साली शिमल्याहून पुण्याला हलला. खाते पुण्यात आले तरी लोकांच्या तोंडी जुन्या गावाचे नाव राहिले. १९४४ साली मुख्य कचेरी दिल्लीला गेली, तथापि चौकाने आपले नाव सोडले नाही.

या खात्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड याने हिमालयातील बर्फ आणि पुढच्या पावसाळ्याचा पाऊस यांचा संबंध असावा असे अनुमान बांधले. हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ फार पडला तर मान्सून दुबळा होतो, असा त्याचा सिद्धान्त. त्याच्या आधारे १८८६ सालापासून पावसाळ्याची भाकिते प्रसिद्ध होऊ लागली. पुढे गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाने, १९०४ पासून वीस वर्षे या खात्याचे प्रमुखपद सांभाळताना, देशोदेशींच्या नोंदी मागवून त्यांचे परस्परसंबंध कारकुनांकडून हाताने मांडून घेतले. नुसत्या बर्फावरून पावसाळा सांगता येत नाही हे त्यातून उघड झाले आणि प्रशांत महासागरावरील हवेच्या दाबाचा तो प्रसिद्ध हेलकावाही हाती लागला. शिमल्याच्या थंडीत बोटे गारठलेली असताना बेरजा-गुणाकार करणाऱ्या त्या कारकुनांची नावे ग्रंथांत आढळत नाहीत. आम्हांस त्यांच्याविषयी वॉकरसाहेबाइतकाच आदर वाटतो.

आता थोडे भाषेविषयी, कारण तो आमचा विषय. "कोकणात बहुतेक ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात काही ठिकाणी, तर मराठवाड्यात तुरळक ठिकाणी" ही आकाशवाणीवरची लय मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकली गेली आहे. पुष्कळांची समजूत अशी, की हे शब्द अंग काढून घेण्यासाठी योजलेले आहेत. वस्तुतः त्यांना मोजमाप आहे. एखाद्या विभागातील नोंदकेंद्रांपैकी शेकडा पंचवीसपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक’, त्यापुढे पन्नासपर्यंत ‘काही’, पंचाहत्तरपर्यंत ‘अनेक’ आणि त्याहून अधिक असेल तर ‘बहुतेक सर्व’. शक्यतेचेही तसेच. खात्याच्या इंग्रजी पत्रकात ‘लाइकली’ हा शब्द येतो तेव्हा त्याचा अर्थ शंभरात पंचवीस ते पन्नास एवढाच असतो. पन्नासच्या पुढे ‘व्हेरी लाइकली’ आणि पंचाहत्तरच्या पुढे ‘मोस्ट लाइकली’. आपण मराठीत ‘शक्यता आहे’ असे ऐकतो आणि छत्री उचलतो, किंवा न पडल्यास वेधशाळेला नावे ठेवतो. आणि सांगणाऱ्याच्या मनात मात्र पडण्यापेक्षा न पडण्याचेच पारडे जड असते! शब्द एकच, पण बोलणाऱ्याने तो एका तराजूत तोलला आणि ऐकणाऱ्याने दुसऱ्या. सहदेव-भाडळीची वचने किंवा पंचांगातील नक्षत्रांची वाहने यांवर लोकांचा लोभ टिकून आहे त्याचे एक कारण हेही असावे, की ती ठाम बोलतात. म्हैस वाहन असले की पाऊस चांगला. त्यात शेकडेवारी नाही.

शब्दांच्या जोडीला आता रंग आले आहेत. हिरवा म्हणजे काही करण्याचे कारण नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. येथेही एक गैरसमज घर करून आहे. नारिंगी म्हणजे पिवळ्याहून अधिक बर्फ, असे सामान्यतः धरले जाते. परंतु रंग ठरवताना घटना किती संभवनीय आणि घडल्यास हानी किती, या दोहोंचा मेळ घातला जातो. क्वचित घडेल पण घडल्यास प्राणावर बेतेल, अशा गोष्टीलाही नारिंगी रंग मिळू शकतो. म्हणून नारिंगी दिवस कोरडा जाणे हे रंगाच्या स्वभावातच आहे. हे आम्हांस मनालीत उमगले, आणि तेही वाचून नव्हे.

मनालीहून अटल बोगद्याने लाहुलात जाऊन सिस्सू पाहून संध्याकाळी परतावे असा बेत होता. रोहतांग खिंडीखालून गेलेला हा नऊ किलोमीटरांचा बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला. तत्पूर्वी लाहुलचे खोरे हिवाळ्यात महिनोन्‌महिने जगापासून तुटलेले असे. आता मनालीहून तासाभरात पलीकडे पोचता येते. बोगद्याच्या आत हवामानाचा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो त्याच्या तोंडापर्यंतच्या रस्त्याचा. मनाली दोन हजार मीटरांवर, बोगद्याचे दक्षिण तोंड तीन हजारांच्या वर. हा हजार मीटरांचा चढ पंचवीस-एक किलोमीटरांत चढायचा, आणि सोलंगच्या पुढे दोन्ही अंगांना हिमस्खलनाच्या वाटा. आदल्या संध्याकाळी कुल्लू आणि लाहुल-स्पिती या दोन्ही जिल्ह्यांना दुसऱ्या दिवसासाठी नारिंगी रंग लागला.

आमच्या मुक्कामाच्या व्यवस्थापकाने तो हसण्यावारी नेला. गेल्या पंधरवड्यात तीनदा रंग बदलला आणि ढगही आला नाही, असे त्याचे म्हणणे. ते खोटे नव्हते. त्याच्या बोलण्यातला खरा सल दुसराच होता: रंग जाहीर झाला की चंदीगड-दिल्लीकडचे लोक दूरध्वनी करून खोल्या रद्द करतात, आणि मग निरभ्र आकाशाखाली त्याच्या रिकाम्या खोल्यांचे भाडे त्याला कोणी भरून देत नाही. या माणसाला लोभी म्हणणे सोपे आहे. आम्हांस ते उचित वाटत नाही. त्याच्या पदरी अकरा माणसे होती आणि हंगाम सहा आठवड्यांचा.

आमचा चालक मूळचा लाहुलचा, पन्नाशीचा, मितभाषी. त्याने जाण्यास सरळ नकार दिला. चिरंजीवांनी जादा पैसे देऊ केले तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, बरफ गिरेगी कि नहीं, मुझे नहीं मालूम. दफ्तरवालों को भी पक्का नहीं मालूम. पर गिरी, तो माताजी को लेकर रात सड़क पर काटनी पड़ेगी." मग त्याने २०२४ च्या डिसेंबरातली हकीकत सांगितली. नाताळच्या दोन दिवस आधी सोलंग ते बोगदा या पट्ट्यात अचानक बर्फ पडला आणि हजाराच्या आसपास वाहने अडकली; पोलिसांनी रात्री उशिरापर्यंत माणसे बाहेर काढली. त्या रांगेत तोही होता. बर्फाहून त्याला भीती वाटली ती पुढच्या-मागच्या गाड्यांची, कारण त्या मैदानातून आलेल्या लोकांच्या होत्या आणि घसरत होत्या. जितके आमचे नुकसान एका सहलीचे, तितकेच त्याचे एका दिवसाच्या रोजीचे. तरी तो नाही म्हणाला. मातोश्रींनी त्याची बाजू घेतली आणि वाद मिटला.

दुसरा दिवस स्वच्छ उजाडला. दहाला ऊन, बाराला ऊन, दोनला पातळसे ढग. आमच्या शेजारच्या खोलीतली मंडळी सकाळीच सिस्सूला गेली होती, ती चार वाजता हसत परतली आणि त्यांनी गोठलेल्या धबधब्याची छायाचित्रे आमच्या मुलांना दाखवली. त्या रात्रीच्या जेवणात फारसा संवाद झाला नाही. चिरंजीवांनी एकदा वाया गेलेल्या पैशांचा हिशेब काढला. आमच्या स्नेह्यांनी वेधशाळेविषयी एक जुना विनोद केला, जो आपण सर्वांनी ऐकला आहे.

रात्री अकराच्या सुमारास बर्फ पडू लागला. सकाळी खिडकीबाहेर हातभर थर होता, वीज गेली होती, आणि बोगद्याकडचा रस्ता बंद.

यावरून चालक द्रष्टा ठरला असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. तोच वर्षाव बारा तास आधी येता तर शेजारची मंडळी रस्त्यात सापडती. थोडा उत्तरेला सरकता तर आलाच नसता, आणि आम्ही ग्वाल्हेरला परतेपर्यंत त्या सहलीची हळहळ ऐकत राहिलो असतो. त्याचा निर्णय आदल्या संध्याकाळी जेवढा बरोबर होता तेवढाच, बर्फ न पडता तरीही, बरोबर राहिला असता. लोकांचा हिशेब असा चालत नाही. इशारा दिला आणि काही घडले नाही, की खाते खोटे. इशारा मानला नाही आणि काही घडले नाही, की आपण शहाणे. शेजारची मंडळी त्या दिवशी जे शिकून गेली ते पुढच्या वेळी त्यांच्या कामी कसे येईल, कोण जाणे.

आम्हांला या टेबलाची दुसरी बाजूही थोडी ठाऊक आहे. थंडीच्या लाटेचा किंवा दाट धुक्याचा इशारा आला की जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम निघतो आणि रात्री उशिरा तो मुख्याध्यापकांच्या हाती पडतो. शाळा सकाळची साडेदहाला, किंवा दोन दिवस बंद. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले तर पालक फाटकाशी येऊन विचारतात, "सर, आज कसली सुट्टी?" प्रश्न रास्तच असतो; ज्या आईला मजुरीवर जायचे असते तिला घरी बसलेल्या पोराचे काय करायचे हे त्या हुकुमात लिहिलेले नसते. पण आमच्या शाळेत चार-पाच किलोमीटरांवरून सायकलीने येणारी मुले आहेत आणि महामार्गावर ट्रक आहेत. धुके किती वाजता उतरेल हे कोणीच सांगू शकत नाही. ते सहाला उतरले तर काय होईल हे मात्र कोणीही सांगू शकतो.

पाकिस्तानातील मरी हे थंड हवेचे ठिकाण आपल्या शिमल्यासारखेच, साहेबाने वसवलेले. जानेवारी २०२२ च्या पहिल्या आठवड्यात बर्फ पाहण्यासाठी तेथे हजारो मोटारी चढल्या. जोरदार हिमवर्षावाचा इशारा त्यांच्या हवामान खात्याने आधीच दिला होता. सात तारखेच्या रात्री वर्षाव वाढला, झाडे कोसळली, रस्ते बुजले, आणि किमान बावीस माणसे आपापल्या मोटारींत मृत्यू पावली. त्यांतली कित्येक थंडीने नव्हे. उबेसाठी यंत्र चालू ठेवले होते, धुराची नळी बर्फाने बुजली होती, आणि विषारी वायू आत साचत गेला. पुढे चौकशी होऊन पंधरा अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. इशाऱ्याचा कागद कचेऱ्यांत पोचलेला होता. गाड्या मात्र वेळीच अडवल्या गेल्या नाहीत.

बदरीनाथच्या पलीकडील माणा गावाजवळचा प्रसंग आणखी अवघड आहे. २८ फेब्रुवारी २०२५ च्या सकाळी तेथे हिमस्खलन होऊन सीमा सडक संघटनेच्या छावणीतील चौपन्न कामगार गाडले गेले. शेहेचाळीस वाचले, आठ गेले. हिमस्खलनाचा अभ्यास करणाऱ्या चंदीगडच्या संरक्षण संस्थेने आदल्या संध्याकाळी पाचलाच चोवीस तासांसाठी इशारा दिला होता. तो होता चमोलीसह पाच जिल्ह्यांतील, चोवीसशे मीटरांवरील सर्व प्रदेशासाठी. अमुक उतार, अमुक वेळ, असे सांगण्याची विद्या अद्याप कोणापाशी नाही; कारण कडा कोसळणे हे आज पडलेल्या बर्फाइतकेच महिन्यापूर्वी पडून खाली दबलेल्या थरांवर अवलंबून असते. पाच जिल्ह्यांना मिळून दिलेला इशारा ऐकून, पत्र्याच्या खोलीत झोपलेल्या बिहारी किंवा नेपाळी मजुराने त्या रात्री उठून कोठे जायचे होते? बरोबर असलेला अंदाज निरुपयोगी कसा ठरू शकतो याचे याहून दुःखद उदाहरण आमच्या वाचनात नाही.

उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेतले. आपल्या मंडळातील अनेकांची मुले त्या बाजूस आहेत, त्यांना ते आठवत असेल. जानेवारी २०१५ मध्ये न्यूयॉर्क शहरात दोन फुटांच्या आसपास बर्फ पडेल असे सांगितले गेले. रस्ते बंद झाले, आणि बर्फाच्या कारणास्तव प्रथमच भुयारी रेल्वे थांबवण्यात आली. शहराच्या मध्यावरील उद्यानात पडला दहा इंचांहूनही किंचित कमी. वादळ थोडे पूर्वेला सरकले होते. शेजारच्या लाँग आयलंडवर दोन फूट पडलाच. तेथील एका हवामान अधिकाऱ्याने लोकांची जाहीर क्षमा मागितली. आमच्या मते ती मागण्याचे कारण नव्हते, पण मागणाऱ्याचे मन समजते.

हे अंदाज सुधारत नाहीत काय? निश्चित सुधारत आहेत. शिमल्याजवळ कुफ्रीला २०२१ मध्ये, चंबा जिल्ह्यात जोत येथे आणि मंडी जिल्ह्यात मुरारी देवीला २०२३ मध्ये डॉप्लर रडार बसले. डोंगरांच्या आडोशाने जे ढग पूर्वी दिसत नसत ते आता दिसतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत घडवलेली नवी गणितपद्धती मे २०२५ मध्ये देशाच्या सेवेत आली. ती सहा किलोमीटरांच्या चौकोनांत हवामान मांडते, पूर्वीचे चौकोन बारा किलोमीटरांचे होते. सपाट माळव्यासाठी सहा किलोमीटर म्हणजे बारकावा झाला. मनालीला मात्र सहा किलोमीटरांच्या एका चौकोनात बियास नदीही येते, सफरचंदाची बागही येते आणि चार हजार मीटरांचा कडाही येतो. गणित त्या सर्वांची मिळून एक उंची धरते.

म्हणून आणखी एक युक्ती करतात, ती शिक्षकाला आवडण्याजोगी आहे. एकच उदाहरण, आकडे किंचित बदलून, एकवीस वेळा सोडवायचे. आरंभीची हवा आपणास कधीच पुरती अचूक ठाऊक नसते. म्हणून तापमान इकडे थोडे कमी, वाऱ्याचा वेग तिकडे थोडा अधिक, असे धरून एकवीस उत्तरे काढायची. सगळी जवळजवळ सारखी आली तर अंदाज ठाम. सात उत्तरांत बर्फ आणि चौदांत कोरडे, असे झाले तर शक्यता तिसऱ्या हिश्श्याची. ते ‘अथवा’ आणि ती ‘शक्यता’ अशा हिशेबातून जन्माला येतात. एकवीस विद्यार्थ्यांची उत्तरे निरनिराळी आली असता त्यांतले एकच फळ्यावर लिहून बाकीची पुसून टाकणारा शिक्षक, प्रामाणिक म्हणता येणार नाही.

बर्फ बंद झाल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही नग्गरच्या रस्त्याने पायी निघालो. एका सफरचंदाच्या बागेत एक वृद्ध गृहस्थ लांब काठीने फांद्या हलवून त्यांवरचा बर्फ पाडीत होते. भाराने फांदी मोडते म्हणून. आम्हांला पाहून त्यांनी हाक मारली. सफरचंदाच्या जुन्या जातींना फुलोरा धरण्यासाठी हिवाळ्यात हजार-बाराशे तास कडक थंडी लागते, आणि उन्हाळ्यात मुळांना जी ओल हवी ती या बर्फाच्या वितळण्यातून हळूहळू मिळते, असे त्यांनी सांगितले. अलीकडे हिवाळे कोरडे जाऊ लागले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे मैदान उघडे-बोडके राहिले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील हिवाळी खेळ बर्फाअभावी पुढे ढकलावे लागले, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचलेच आहे. ज्या नारिंगी रंगाने आमच्या व्यवस्थापकाचा जीव खालीवर होत होता, त्याच रंगाची हे गृहस्थ डिसेंबरपासून वाट पाहत होते. तीनदा तो आला आणि तीनदा कोरडा गेला.

"आप लोगों का तो घूमना खराब हो गया," ते म्हणाले, आणि आम्ही काही उत्तर देण्याआधीच नातवाला चहा सांगून पुन्हा बागेत वळले. फावड्याने ते वाटेवरचा बर्फ ओढून झाडांच्या आळ्यांत भरू लागले. आमच्या बरोबरची मुले त्यांच्या मदतीला धावली.